बाळ-बाळंतीण सुखरूप, तरीही...

बाळंतपण पार पडलं की नातेवाइकांना पहिला फोन जातो तो ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ एवढं सांगायला. ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मुलगा की मुलगी, वजन किती, नॉर्मल की सीझर, इतकी चौकशी झाली की विषय संपतो. आत टेबलावर काय घडलं हे बाळंतिणीला सहसा कुणी विचारत नाही. तिनं आपणहून सांगायला घेतलंच, तर “अगं, सगळ्यांनाच होतं ते, आता बाळाकडे बघ” असं म्हणून तिला गप्प केलं जातं. मग ती ते मनात ठेवते आणि कितीतरी वर्षांनी, लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी, तपशिलासह सांगते.

रुग्णालयातल्या बाळंतपणानं आयांचे जीव वाचवले आहेत, यात शंका नाही. तरीही असंख्य बायका तिथून दुखावून घरी येतात. त्याचं खापर त्यांच्या हळवेपणावर फोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. प्रत्यक्षात त्यामागं प्रसूतिसेवेच्या रचनेतली कारणं आहेत, त्यांचा अभ्यास झालेला आहे आणि त्यावरचे उपायही माहीत आहेत. हे प्रकरण त्यांच्याबद्दल आहे.

घरातून दवाखान्यात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे २००५-०६ मध्ये, भारतातली ३८.७ टक्के बाळंतपणं आरोग्यसंस्थांमध्ये होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्रात ते ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. अवघ्या पंधरा वर्षांत कोट्यवधी बायकांचं बाळंतपण घरातून दवाखान्यात आलं. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेनं दवाखान्यात येणाऱ्या गरीब बाईला रोख मदत दिली. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, औषधं, जेवण आणि ने-आण मोफत केली. दर एक लाख जिवंत जन्मांमागं होणारे मातामृत्यू २००४-०६ मध्ये २५४ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. महाराष्ट्रात हा आकडा ३३ झाला. यामागं अर्थात इतर कारणंही आहेत. पण अतिरक्तस्राव झाला, झटके आले किंवा बाळ अडलं, तर तिथल्या तिथं उपचार मिळणं हे त्यातलं मोठं कारण.

मात्र आई दवाखान्यापर्यंत पोचण्यावर जितकं लक्ष दिलं गेलं, तितकं ती आत गेल्यावर तिच्याशी कसं वागायचं यावर दिलं गेलं नाही. बायका वाढल्या त्या प्रमाणात खोल्या, टेबलं, सिस्टर आणि डॉक्टर वाढले नाहीत. रुग्णालयाचं यश मोजलं गेलं ते बाळंतपणांच्या संख्येवर आणि मृत्यूंच्या आकड्यावर. टेबलावरची बाई जिवंत राहिली, म्हणजे काम झालं. तिला कसं वागवलं गेलं, याचा रकानाच नोंदवहीत नव्हता.

टेबलावर

गर्दीच्या प्रसूतिकक्षात पहिलटकरणीला येणारा अनुभव थोड्याफार फरकानं सारखा असतो. कळा सुरू झाल्यावर आई किंवा सासू तिला घेऊन येते. दारावर सोबतची माणसं थांबवली जातात आणि ती एकटी आत जाते. कपडे बदलायला सांगतात, केस काढतात, काही ठिकाणी एनिमा देतात. खायचं-प्यायचं बंद होतं. सलाईन लागतं, आणि त्यातून कळांचं औषध सुरू झालं तरी ते तिला कळेलच असं नसतं. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं हे पाहायला खालून तपासणी होते. शिकाऊ डॉक्टर असतील, तर एकामागून एक दोघंतिघं तपासतात. मधे पडदा असतोच असं नाही. ती ओरडली की दटावणी होते, आणि कित्येकदा असं काही बोललं जातं की नवऱ्याच्या उल्लेखानं ऐकणारीची मान खाली जावी. शेवटी तिला उताणं झोपवून पाय वर बांधतात, जोर लाव म्हणून ओरडतात, कुणीतरी पोटावर दाब देतं आणि खाली छेद घेतला जातो. छेद घेतलाय हे तिला टाके घालताना समजतं.

यातल्या प्रत्येक गोष्टीचं समर्थन ‘तुझ्या नि बाळाच्या भल्यासाठी’ असं केलं जातं. म्हणून ती एकेक करून तपासायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये बाळंतपणातल्या सेवेबद्दल ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्या इथं उपयोगी पडतात. सरसकट केस काढणं आणि एनिमा देणं, दोन्ही करू नये, असं त्या सांगतात. धोका कमी असलेल्या बाईला कळांच्या काळात खाऊ-पिऊ द्यावं. सारं सुरळीत असेल, तर खालून तपासणी साधारण चार तासांच्या अंतरानं पुरेशी आहे. बाळ लवकर यावं म्हणून पोटावर दाब देऊ नये.

उताणं झोपण्याचंही तसंच. या स्थितीत डॉक्टरला पाहायला सोपं जातं, पण गर्भाशयाचं वजन पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतं आणि बाळाला खाली सरकायला गुरुत्वाकर्षणाची मदत मिळत नाही. पहिल्या टप्प्यात चालत्या-फिरत्या किंवा बसत्या-उभ्या राहिलेल्या बायकांचा हा टप्पा सरासरी सव्वा तासाहून अधिक कमी झाला, असं कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात दिसलं. आपल्या जुन्या सुइणी बाईला उकिडवं बसवत, तिला काहीतरी धरायला देत. त्यांच्या सगळ्या पद्धती सुरक्षित नव्हत्या, पण ही समज बरोबर होती.

छेदाचा प्रश्न सर्वांत गंभीर, कारण तिथं शस्त्र लागतं. छेद घेतला की मोठी फाट टळते, या समजुतीनं पिढ्यान्‌पिढ्या तो सरसकट घेतला गेला. प्रयोगांती उलट निघालं. गरज असेल तेव्हाच छेद घेतलेल्या गटात गंभीर फाटण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं, असं २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यानं दाखवलं. बाळ गुदमरत असेल, तर छेद हवाच. पण तोही दोन वाक्यांत सांगून आणि भूल देऊन घेता येतो. टाक्यांच्या वेळी “एवढं काय, बाळाच्या कळा सोसल्यास ना” असं म्हणून भुलीत कसूर करणं याला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आधार नाही.

घड्याळाचा जाच

“प्रगती होत नाहीये” हे शब्द कळा देणाऱ्या बाईच्या काळजात घुसतात. आपलंच शरीर कमी पडतंय, असं तिला वाटतं. या वाक्यामागं एक जुना आलेख आहे.

१९५५ मध्ये न्यूयॉर्कमधले डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी ५०० पहिलटकरणींच्या प्रसूतीचा वेग मोजून आलेख काढला. त्यातून पिशवीचं तोंड ताशी निदान एक सेंटिमीटर उघडायला हवं, असा संकेत रूढ झाला. त्या काळच्या प्रथेप्रमाणे त्यातल्या बहुतेक बायकांना गुंगीची औषधं दिलेली होती आणि निम्म्याहून अधिक बाळं चिमटा लावून काढलेली होती. १९७२ मध्ये त्या वेळच्या ऱ्होडेशियात फिलपॉट आणि कॅसल यांनी अशाच आलेखावर सावधानतेची आणि कृतीची अशा दोन रेघा आखल्या. दूरच्या दवाखान्यातल्या बाईला मोठ्या रुग्णालयात वेळेवर हलवता यावं, हा त्यांचा चांगला हेतू होता. पुढं जगभरच्या प्रसूतिकक्षांत त्या रेघा बाईची लायकी ठरवणाऱ्या झाल्या. रेघ ओलांडली की कळांचं औषध वाढवायचं, तरी नाही जमलं की सीझर.

२०१० मध्ये डॉ. जुन झांग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांमधल्या ६२,४१५ प्रसूतींच्या नोंदी पाहिल्या. या सगळ्यांची बाळंतपणं नैसर्गिकरीत्या झाली होती आणि बाळं सुदृढ होती. तरीही चार ते सहा सेंटिमीटरपर्यंत कित्येकींचा वेग अगदी मंद होता. खरी गती सहाच्या पुढं आली. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ मध्ये ताशी एक सेंटिमीटरचा निकष सर्वांना लावू नये, असं स्पष्ट केलं. कळांचा जोमाचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरायचा आणि पहिलटकरणीत तो साधारण बारा तासांपर्यंत चालू शकतो.

म्हणजे पुष्कळ बायकांना ‘तुझं काही होत नाहीये’ असं सांगितलं गेलं, तेव्हा त्यांचं शरीर आपलं काम ठीक करत होतं. वेळेअभावी धीर सुटला होता तो व्यवस्थेचा. वेगाचा असा तगादा आणि त्यामागून येणारा सीझरचा निर्णय पैशाच्या बाजूनंही वजनदार आहे. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या सरकारी संस्थांमधल्या बाळंतपणांत १४.३ टक्के सीझर होती, खाजगी संस्थांमध्ये ४७.४ टक्के. अनेक सीझर जीव वाचवतात. पण एवढी मोठी तफावत केवळ बायकांच्या शरीरात असणं शक्य नाही.

अपमान मोजता येतो

ही तक्रार फक्त आपल्याकडची नाही आणि फक्त गरीब देशांचीही नाही. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात एका नर्सनं पत्र लिहून प्रसूतिकक्षातली क्रूरता उघड केली. त्यावर बायकांची इतकी पत्रं आली की मासिकानं १९५८ मध्ये त्यांवर लेख छापला. टेबलाला हातपाय बांधून तासन्‌तास एकटं ठेवल्याचे अनुभव त्यांत होते. इंग्लंडमध्ये १९६० मध्ये सॅली विलिंग्टन यांच्या अशाच पत्रातून एक संघटना उभी राहिली.

२०१० मध्ये डायना बाउझर आणि कॅथलीन हिल यांनी या वागणुकीचे सात प्रकार मांडले: मारहाण, संमतीविना उपचार, खाजगीपणाचा भंग, मानहानी, भेदभाव, एकटं सोडून देणं आणि बिलासाठी अडकवून ठेवणं. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हा मानवी हक्कांचा प्रश्न असल्याचं निवेदन काढलं. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांतला अभ्यास आला. संशोधक प्रत्यक्ष प्रसूतिकक्षात बसून २०१६ बायकांची बाळंतपणं नोंदवत होते. त्यातल्या ४१.६ टक्के बायकांना मारहाण, शिवीगाळ किंवा हीन वागणूक मिळाली. घेतलेल्या छेदांपैकी ७५ टक्के विनासंमती होते. अपमानाचा जोर बाळ येण्याच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरची पंधरा मिनिटं सर्वांत जास्त होता. बाई सर्वांत असहाय असते ती हीच वेळ. वयानं लहान आणि न शिकलेल्या बायका जास्त भरडल्या गेल्या.

महाराष्ट्राला हा विषय एका वेगळ्या कारणानं जवळचा आहे. आनंदीबाई जोशी यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. अमेरिकेला जाण्यापूर्वी १८८३ मध्ये सेरामपूरच्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानाला स्त्री डॉक्टरांची गरज असल्याचं सांगितलं आणि १८८६ मध्ये पदवीसाठी प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहिला. पुरुष डॉक्टरपुढं संकोचानं बायका बोलत नाहीत, ही त्या काळची अडचण होती. आज प्रसूतिकक्षात बहुतेक डॉक्टर आणि सिस्टर बायकाच असतात. तरी संकोच आणि भीती उरली आहे, याचा अर्थ काम करणारी स्त्री असणं पुरेसं नाही. तिला काम कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या शिकवणुकीनं करावं लागतं, तेही पाहावं लागतं.

एका वेळी अनेक बायका सांभाळणारी, सलग ड्यूटी केलेली, वरिष्ठांची बोलणी खाणारी सिस्टर त्याच भाषेत खाली बोलते. बाळाला काही झालं, तर नातेवाईक अंगावर येतील, ही भीतीही असते. ओरडल्याशिवाय बाई जोर लावत नाही, हे तिनं आपल्या शिक्षकांकडून शिकून घेतलेलं असतं. ही कारणं मान्य करूनही अपमान क्षम्य ठरत नाही. पण उपाय शोधताना एकट्या सिस्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून काही हाती लागणार नाही.

समाधान कशावर ठरतं

कळा फार होत्या म्हणून अनुभव वाईट, असं आपण धरून चालतो. टोरोंटोच्या एलन हॉडनेट यांनी २००२ मध्ये १३७ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा चित्र निराळं निघालं. बाईच्या समाधानावर सर्वांत जास्त प्रभाव चार गोष्टींचा होता: तिच्या अपेक्षा, काळजी घेणाऱ्यांकडून मिळालेला आधार, त्यांच्याशी जुळलेलं नातं आणि निर्णयांमध्ये तिचा वाटा. वेदना, वय किंवा उपचार यांचा प्रभाव त्यापुढं कमी पडला. अवघड बाळंतपण होऊन, सीझर होऊनही काही बायका ‘सगळ्यांनी छान सांभाळलं’ म्हणतात आणि कागदोपत्री सुरळीत झालेल्या बाळंतपणाबद्दल काहींच्या डोळ्यांत पाणी येतं, त्याचं उत्तर इथं आहे. सिअॅटलच्या पेनी सिमकिन यांनी १५ ते २० वर्षांनंतर बायकांना बोलतं केलं, तेव्हा डॉक्टर-नर्सचे तेव्हाचे शब्दही त्यांना आठवत होते.

काहींच्या बाबतीत हा घाव खोल जातो. सुमारे ४ टक्के बायकांमध्ये प्रसूतीनंतर आघाताचा मानसिक विकार दिसतो, असं संशोधन सांगतं. तेच दृश्य पुन्हा डोळ्यांपुढं येणं, झोप उडणं, दवाखान्याचं नाव काढताच छाती धडधडणं, दुसऱ्या बाळाची धास्ती, ही त्याची लक्षणं. त्यावर उपचार आहेत, पण आधी कुणीतरी ऐकून घ्यावं लागतं.

वागणुकीचा परिणाम शरीरावरही होतो. कळा येतात त्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकानं. घाबरलेल्या शरीरात अॅड्रेनलिन वाढतं आणि त्यानं कळा मंदावू शकतात. म्हणजे दरडावून घाई करायला जावं, तर काम लांबण्याचीच शक्यता.

याच्या उलट बाजूचा पुरावा भक्कम आहे. १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका अभ्यासात कळा देणाऱ्या पहिलटकरणींजवळ एक साधी, अनोळखी बाई सतत बसवली. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची. गुंतागुंत न झालेल्या बायकांमध्ये दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंतचा काळ एकट्या राहिलेल्यांचा सुमारे १९ तास, तर सोबत मिळालेल्यांचा सुमारे ९ तास निघाला. तो अभ्यास छोटा होता. पण २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यानं १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र केली आणि सतत सोबत असलेल्यांमध्ये सीझर सुमारे एक चतुर्थांशानं कमी, कळांचा काळ थोडा कमी आणि अनुभवाबद्दल नाराजीही कमी असल्याचं दाखवलं. धोका वाढल्याचं कुठं दिसलं नाही. इतका स्वस्त आणि इतका गुणकारी उपाय वैद्यकात क्वचितच सापडतो.

कागदावर आलेले हक्क

आपल्याकडे हे माहीत नाही, असं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सरकारी संस्थांमध्ये प्रसूतीच्या वेळी एक नातेवाईक सोबत ठेवायला परवानगी दिली. शक्यतो बाळंतपणाचा अनुभव असलेली स्त्री, आणि खाजगीपणा राखता येत असेल तिथं नवरा. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानं प्रसूतिकक्षांच्या दर्जात सन्मानपूर्वक वागणुकीचा समावेश केला. २०१८ मध्ये प्रशिक्षित मिडवाइफ तयार करण्याचं धोरण आलं. सुरळीत बाळंतपण धीरानं पार पाडणं हेच जिचं मुख्य काम, अशी ही परिचारिका असते.

संमतीबाबत सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. एका स्त्रीनं तपासणीला संमती दिली होती. तिला भूल दिलेली असताना आईची सही घेऊन गर्भाशय काढण्यात आलं. तातडीचं कारण नसताना सज्ञान स्त्रीऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही, असं न्यायालयानं ठरवलं. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि तक्रार निवारणाची तरतूद आली.

इतर देश याहून पुढं गेले आहेत. व्हेनेझुएलानं २००७ मध्ये प्रसूतीतल्या हिंसेची व्याख्या कायद्यात घातली. केनियात फरशीवर बाळंत होऊन परिचारिकांचा मार खाल्लेल्या एका बाईला तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये २५ लाख शिलिंग भरपाई मिळवून दिली.

आपल्याकडचं परिपत्रक वॉर्डपर्यंत पोचताना मात्र अडखळतं. सोबतीला परवानगी असली, तरी दोन टेबलांमध्ये पडदा नसेल, तर शेजारणीच्या लाजेखातर सोबतीला बाहेर काढलं जातं. म्हणून पडदे, बायकांच्या प्रमाणात पुरेशा सिस्टर आणि मिडवाइफ या गोष्टी चैनीच्या नाहीत. अंदाजपत्रकात त्यांना पैसे ठेवल्याशिवाय सन्मानाची भाषा पोकळ ठरते.

काय विचारावं, काय मागावं

सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना काही गोष्टी विचारून ठेवाव्यात. सोबत कोण आत येऊ शकेल? कळांच्या काळात चालू-फिरू देता का, पाणी पिऊ देता का? छेद सरसकट घेता की गरजेपुरता? कळांचं औषध लावण्याआधी सांगाल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. प्रत्यक्ष कळांत बाईला वाद घालणं जमत नाही, म्हणून तिच्या वतीनं शांतपणे बोलेल असं माणूस आधीच ठरवावं. आणि खरा तातडीचा प्रसंग ओढवला, तर निर्णय मिनिटांत घ्यावा लागतो, हे तिनं आणि घरच्यांनीही समजून घ्यावं.

वाईट अनुभव आला असेल, तर डिस्चार्जचे कागद आणि नोंदींच्या प्रती मागून घ्याव्यात, घडलेलं तारीखवार लिहून ठेवावं आणि आधी रुग्णालयाच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार द्यावी. नुकसानभरपाई मिळाली नाही, तरी लेखी तक्रारींनीच प्रसूतिकक्षातल्या वागणुकीची नोंद होऊ लागते.

घरच्यांची जबाबदारी याहून सोपी आहे. बाळंतिणीला “तुला आत कसं वागवलं?” एवढं विचारावं आणि ती सांगेल ते न अडवता ऐकावं. मातामृत्यू कमी झाले, त्यात ते मोजण्याचाही वाटा आहे. मृत्यूंची चौकशी होऊ लागली, म्हणून कारणं सापडली आणि उपाय झाले. तीच शिस्त आता वागणुकीला लावायची आहे. प्रत्येक रुग्णालयानं घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला हा प्रश्न विचारून तिचं उत्तर नोंदवलं आणि ते आकडे मृत्यूच्या आकड्यांशेजारी प्रसिद्ध केले, तर प्रसूतिकक्ष बदलायला फार वर्षं लागणार नाहीत.